‘होस्टनेम सापडत नाही’ : गावाकडून काम करणाऱ्या पोरांची डोकेदुखी आणि तिचा उतारा

पांढुर्णा / सौसर : गेल्या पोळ्याला भाचा सौसरहून आमच्याकडे पांढुर्ण्याला आला होता. पुण्याच्या एका कंपनीत लागून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. कंपनीनं पहिल्यांदाच आठवडाभर गावाकडून काम करायची मुभा दिली होती. अट एकच होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊला सर्व्हरवर नवीन बदल चढवायचे आणि ते वेळेत झाले पाहिजेत. जाम नदीवर गोटमार पाहायला गेलेली मंडळी परत आली, जेवणं झाली, पोरगं लॅपटॉप घेऊन बसलं. साडेनऊ वाजले तरी उठेना.

“काऊन रे, झालं नाही का अजून?” मी विचारलं.

“मामा, सर्व्हरच नाही मिळून राहिला. नेट चालू आहे, पासवर्डही बरोबर आहे, तरी म्हणते होस्टनेम सापडत नाही. आता गाडी काढून नागपूरला जाऊ का मित्राकडे? तिथलं नेट तरी चांगलं आहे.”

नागपूरला जायची गरज पडली नाही. चूक नेटची नव्हती आणि सर्व्हरचीही नव्हती. चूक होती दोन अंकांची. ती कशी सापडली ते पुढं सांगतोच. पण त्या रात्रीपासून डोक्यात होतं की हा विषय एकदा नीट मराठीत मांडावा. पांढुर्णा आणि सौसर तालुक्यांतली किती तरी पोरं नागपूर, पुणे, हैदराबाद, बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकऱ्या करतात. पोळा, दिवाळी, संत्र्याचा तोडा, घरातलं लग्न, आईबापांचं दुखणंखुपणं, असं काही निघालं की दोन-चार दिवस गावाकडून काम करता आलं पाहिजे. एका छोट्या अडचणीपायी साहेब म्हणाला, “गावी जमत नाही ना, मग परत ये,” तर ती मुभाच जाते. वरुड, नरखेड, काटोल, मुलताई किंवा बऱ्हाणपूरच्या वाचकांचंही यापेक्षा वेगळं नसेल.

एक सूचना आधीच. इथं आम्ही कमांड मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना मात्र इंग्रजी कीबोर्ड, इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे. ही सूचना किती महत्त्वाची आहे ते भाच्याच्या गोष्टीत कळेलच.

एसएसएच म्हणजे काय?

एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल. घरी बसून दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करण्याची ही सोय आहे. तुम्ही इथं टाइप करता, कमांड तिथं चालते आणि मधल्या वाटेवर कुणी कान लावून बसलं तरी त्याला काही कळत नाही, कारण सगळं कुलूपबंद होऊन जातं. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू इलोनेन यांनी हे बनवलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले होते, त्यावर उपाय म्हणून. १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही मोफत आवृत्ती आली आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच चालते. लिनक्स आणि मॅकमध्ये ती आधीपासून असते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून ती सोबतच येते, त्यामुळे वेगळं काही डाउनलोड करायची बहुधा गरज नाही.

फक्त कंपन्याच हे वापरतात असं नाही. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यामागचे विजय भटकर आपल्या विदर्भातल्या अकोला जिल्ह्यातले. आज पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर काम करणारा विद्यार्थीही आपल्या खोलीतून एसएसएचनंच आत शिरतो. म्हणजे संशोधन करणाऱ्या पोरापोरींनाही ही अडचण येतेच.

मग होस्टनेम म्हणजे काय?

होस्टनेम म्हणजे त्या दूरच्या कॉम्प्युटरचं नाव. खरं तर कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यानं ओळखतात, त्याला आयपी पत्ता म्हणतात. पण आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं ठेवली. नाव दिलं की आकडा शोधून देणारी जी व्यवस्था आहे, ती डीएनएस.

पूर्वी ही व्यवस्था नव्हती. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाइल सांभाळायचा आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढत गेली तशी एका फाइलीत ती मावेनात. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना मांडली. त्यात एकच मोठी वही नसते. प्रत्येक गाव आपली वही स्वतः ठेवतं आणि वरचा फक्त सांगतो, “तिकडे विचारा.”

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. कुणी नुसतं ‘सावरगाव’ म्हटलं तर कोणतं सावरगाव? जाम नदीच्या पलीकडचं, गोटमारीतलं पांढुर्ण्याचं सावरगाव? की नरखेड तालुक्यातलं? पांढुर्ण्याचा माणूस नुसतं ‘सावरगाव’ म्हणाला तर इथं सगळ्यांना कळतं. तेच पुण्यात म्हटलं तर कुणालाच कळत नाही. तिथं गाव, तालुका, जिल्हा, राज्य असं सगळं सांगावं लागतं. होस्टनेमचंही तसंच आहे. ऑफिसात बसून नुसतं ‘टेस्ट सर्व्हर’ म्हटलं तरी काम होतं, कारण ऑफिसचं नेटवर्क मागचं डॉटवालं नाव आपोआप जोडून देतं. घरून तेच छोटं नाव दिलं की उत्तर येतं, असं कुणी ओळखीचं नाही.

मेसेज नीट वाचा, अर्धं काम तिथंच होतं

आपली पोरं घाईत लाल अक्षरं दिसली की पासवर्ड बदलत बसतात. थांबा, आधी वाचा. वेगवेगळ्या मेसेजचे अर्थ वेगवेगळे आहेत.

‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ : नावाचा आकडा मिळाला नाही. म्हणजे तुम्ही अजून सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलेलाच नाहीत. पासवर्ड, चावी, परवानगी यांचा इथं काहीही संबंध नाही.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ : आकडा मिळाला, पण तिकडून काहीच उत्तर नाही. सर्व्हर बंद असेल, नाहीतर मध्ये फायरवॉल असेल.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ : यंत्रापर्यंत पोचलात, पण ज्या दारावर थाप मारली तिथं एसएसएच बसलेलं नाही. एसएसएचचं नेहमीचं दार २२ नंबरचं, काही कंपन्या ते बदलून ठेवतात.

‘परमिशन डिनाइड’ : दार सापडलं, माणूस भेटला, पण तुमचा पासवर्ड किंवा चावी त्याला पटली नाही.

आजचा विषय पहिल्या मेसेजचा आहे. त्यातही शेवटचे शब्द बघा. लिनक्सवर ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ आलं, तर विचारायला गेलो आणि वहीवाला भेटलाच नाही, म्हणजे शंका नेटवर घ्यायची. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ आलं, तर बहुतेक वेळा वहीवाला भेटला, पण म्हणाला की असं नाव माझ्याकडे नाही. मग शंका नावावर घ्यायची. विंडोजवर हेच ‘नो सच होस्ट इज नोन’ असं दिसतं. मॅकवर ‘नोडनेम नॉर सर्व्हनेम प्रोव्हायडेड’ असं जरा अवघड वाक्य येतं, अर्थ तोच.

पायरी पहिली : नाव डोळ्यांत तेल घालून बघा

निम्म्याहून जास्त वेळा गडबड इथंच असते. कमांडचा साचा साधा आहे. एसएसएच, एक जागा, मग तुमचं युजरनेम, त्याला चिकटून ॲटचं चिन्ह, त्याला चिकटून सर्व्हरचं नाव. आता या चुका एकेक करून तपासा.

युजरनेम आणि ॲटच्या मध्ये चुकून जागा पडली, तर एसएसएच तुमच्या युजरनेमलाच सर्व्हरचं नाव समजतो. मेसेजमध्ये सर्व्हरऐवजी तुमचंच नाव दिसलं तर हीच चूक समजा.

ब्राउझरमधून पत्ता उचलला की पुढं एचटीटीपीएस आणि तिरप्या रेघा येतात, मागंही एखादी तिरपी रेघ राहते. त्या सगळ्या काढा. एसएसएचला फक्त नाव हवं.

दाराचा नंबर नावाच्या मागं कोलन लावून देऊ नका. साध्या कमांडमध्ये तो वेगळा द्यायचा असतो. डॅश, लहान पी, एक जागा आणि नंबर.

नावात चालतात ती इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी छोटी रेघ आणि टिंब. खालची रेघ म्हणजे अंडरस्कोअर होस्टनेमच्या नियमात बसत नाही. अक्षर लहान की मोठं यानं मात्र फरक पडत नाही. दोन टिंबांमधला एक तुकडा ६३ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, असाही नियम आहे.

आणि सर्वांत छुपी चूक म्हणजे व्हॉट्सॲप, वर्ड किंवा मेलमधून कॉपी केलेलं नाव. वर्डसारखे प्रोग्रॅम छोट्या रेघेची स्वतःच लांब रेघ करून टाकतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळंच अक्षर. मेसेजमध्ये उलट्या तिरप्या रेघांसोबत ‘३४२, २००, २२३’ असे आकडे दिसले, तर समजा लांब रेघ घुसली आहे. ती खोडून कीबोर्डवरची छोटी रेघ हातानं टाइप करा.

आता भाच्याची गोष्ट

भाच्याच्या लॅपटॉपवर उबंटू होतं. मेसेजमध्ये सर्व्हरच्या नावाच्या शेवटी असेच आकडे होते. ‘३४०, २४५, २५१’ आणि लगेच ‘३४०, २४५, २४६’. तो म्हणाला, “हे काहीतरी कचरा आहे मामा, सोड.”

तो कचरा नव्हता, त्यातच उत्तर होतं. एसएसएचला साधं इंग्रजी नसलेलं अक्षर दिसलं की तो ते अक्षर न दाखवता त्याचे आकडे दाखवतो. आणि आपल्या देवनागरीतलं प्रत्येक अक्षर या पद्धतीत ‘३४०, २४४’ किंवा ‘३४०, २४५’ नंच सुरू होतं. म्हणजे सर्व्हरच्या नावात कुठंतरी मराठी अक्षर बसलं होतं!

झालं असं होतं की त्याच्या टीममधल्या ताईनं मराठीत मेसेज पाठवला होता. नाव इंग्रजीत लिहिलं, पण शेवटचा ‘तीस’ हा आकडा मराठी कीबोर्डवरून पडला. मराठी तीन आणि इंग्रजी तीन सारखेच दिसतात. शून्य तर दोन्हीकडे गोलच. आपण दोन्ही लिप्या वाचणारी माणसं, आपल्या डोळ्यांना त्यात काही खटकतच नाही. भाच्यानं नाव कॉपी केलं, चिकटवलं आणि अर्धा तास नेटला शिव्या दिल्या. दोन अंक खोडले, इंग्रजी कीबोर्डवरून पुन्हा टाकले. एंटर. सर्व्हर उघडला.

ही चूक इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर सहसा सापडत नाही, कारण ती आपल्यासारख्या दोन लिप्यांत वावरणाऱ्यांचीच आहे. तसंच मराठी टाइप करताना जोडाक्षर तोडण्या-जोडण्यासाठी काही न दिसणारी चिन्हं वापरली जातात. तीही कॉपी करताना नावासोबत येऊ शकतात. उपाय एकच. शंका आली की नाव कॉपी करू नका, हातानं टाइप करा.

जाता जाता, देवनागरीत पत्ते चालतच नाहीत असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन सुरू झालं आणि ते मराठीसाठीही आहे. पण आतून त्या नावाचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतं, जे ‘एक्स एन’ आणि दोन रेघांनी सुरू होतं. ब्राउझर ते काम गुपचूप करून टाकतो. एसएसएचला मात्र सहसा ते रूपांतर केलेलं नावच द्यावं लागतं.

पायरी दुसरी : सगळी नावं अडली की एकच?

नाव बरोबर आहे, तरी जमत नाही. आता ‘एन एस लुकअप’ ही कमांड वापरा. हे अख्खं एकच शब्द म्हणून टाइप करा, जागा सोडा आणि सर्व्हरचं नाव द्या. नंतर हीच कमांड एखाद्या ओळखीच्या मोठ्या वेबसाइटच्या नावावर चालवा.

दोन्ही अडली, तर तुमच्या नेटची किंवा डीएनएसची गडबड आहे. वायफाय बंद-चालू करा, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघा. मोठी वेबसाइट सापडली आणि तुमचा सर्व्हर सापडला नाही, तर नावाची किंवा परवानगीची गडबड आहे.

तिसरी तपासणी म्हणजे दुसऱ्या वहीवाल्याला विचारणं. एन एस लुकअप, सर्व्हरचं नाव आणि शेवटी जागा सोडून ८.८.८.८ किंवा १.१.१.१. पहिला गूगलचा सार्वजनिक डीएनएस, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. तिथं उत्तर मिळालं आणि तुमच्या नेटवर नाही, तर दोष तुमच्या नेटवाल्याच्या डीएनएसचा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस बदलून काम चालवता येतं.

सीमेवरच्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे शेतात गेलं की मोबाइल कधी मध्य प्रदेशचा टॉवर धरतो, तर कधी वरुड-नरखेडकडचा महाराष्ट्राचा. दूरसंचारच्या हिशेबात ही दोन वेगळी परिमंडळं. नेटवर्क बदलताना मध्येच नेट तुटलं तर चालू असलेलं एसएसएचचं काम अडकून बसतं, स्क्रीन गोठते. ही होस्टनेमची चूक नाही. अशा वेळी नवीन खिडकी उघडून पुन्हा जोडा. आणि लांबलचक काम असेल तर सर्व्हरवर ‘टीमक्स’सारखा प्रोग्रॅम चालू करून त्यात काम करा. नेट गेलं तरी काम तिकडं सुरू राहतं.

पायरी तिसरी : व्हीपीएन लावलं का?

कंपन्यांचे, विद्यापीठांचे बरेच सर्व्हर जगाच्या वहीत नसतातच. त्यांची नावं फक्त आतल्या वहीत असतात. ऑफिसात चालणारं नाव घरी चालत नसेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा की व्हीपीएन जोडलंय का? व्हीपीएन म्हणजे घरून ऑफिसच्या आत नेणारा खासगी बोगदा.

इथं एक उलटा घोळही होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून पोरगं डीएनएस कायमचा ८.८.८.८ करून ठेवतं. मग व्हीपीएन जोडूनही आतली नावं सापडत नाहीत, कारण गूगलला तुमच्या कंपनीच्या आतली नावं कशी माहीत असणार? मागच्या पायरीतला उपाय तपासणीपुरता किंवा अडल्या वेळेपुरता ठेवा, नंतर सेटिंग पूर्ववत करा.

पायरी चौथी : टोपणनाव होतं का?

घरी ज्याला आपण ‘गोलू’ म्हणतो त्याचं शाळेतलं नाव वेगळंच असतं. एसएसएचमध्येही टोपणनाव ठेवता येतं. युजरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एसएसएच’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘कॉन्फिग’ नावाची फाइल. तिच्यात ‘होस्ट’च्या पुढं टोपणनाव, खालच्या ओळीत ‘होस्टनेम’च्या पुढं खरं नाव, मग ‘युजर’ आणि ‘पोर्ट’. एकदा लिहून ठेवलं की रोज फक्त टोपणनाव द्यायचं.

गंमत अशी की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ही फाइल दुसऱ्यानंच बनवून दिलेली असते. घरच्या लॅपटॉपवर ती नसते. मग तिथं चालणारं ‘प्रॉड’ किंवा ‘टेस्ट’ इथं चालत नाही, कारण ते डीएनएसमधलं नाव नव्हतंच कधी. तपासायला एसएसएचच्या पुढं डॅश आणि मोठा जी लिहून टोपणनाव द्या. लक्षात ठेवा, हा एक जी मोठाच हवा. एसएसएच कोणतं खरं नाव, कोणता युजर आणि कोणतं दार वापरणार आहे ते सगळं तो न जोडताच दाखवतो. ‘होस्टनेम’च्या पुढं टोपणनावच परत आलं, तर फाइल नाही किंवा त्यात नोंद नाही.

पायरी पाचवी : जुनी नोंद अडकलीय का?

आपल्या जिल्ह्याचंच बघा. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर तालुका त्यात आला. पण जुन्या कागदांवर अजून ‘जिल्हा छिंदवाडा’च आहे आणि जुन्या गाड्यांवर एमपी २८ आहे. नाव बदललं तरी जुन्या नोंदी एका दिवसात पुसल्या जात नाहीत.

डीएनएसमध्ये अगदी असंच होतं. एकदा विचारलेलं उत्तर लॅपटॉप आणि नेटवाले काही वेळ साठवून ठेवतात. सर्व्हर नव्या पत्त्यावर गेला की काही काळ काहींना जुनाच पत्ता मिळतो. ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. म्हणून साहेबानं नाव आत्ताच नोंदवलं आणि तुम्ही पाच मिनिटं आधी विचारून बसला असाल, तर थोडं थांबावं लागेल. विंडोजवर साठवण रिकामी करायची कमांड म्हणजे ‘आय पी कॉन्फिग’, जागा, तिरपी रेघ आणि ‘फ्लश डी एन एस’ एकत्र. उबंटूसारख्या लिनक्सवर ‘रिझॉल्व्ह सी टी एल’ एकत्र, जागा आणि ‘फ्लश-कॅशेस’, मध्ये छोटी रेघ.

त्यासोबत ‘होस्ट्स’ नावाची फाइलही बघा. लिनक्स-मॅकवर ती ‘ई टी सी’ फोल्डरमध्ये असते. विंडोजवर सिस्टम ३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ‘ई टी सी’. स्टॅनफर्डच्या त्या जुन्या वहीची ही घरगुती नात म्हणा. कधीकाळी कुणी त्यात नाव आणि आकडा लिहून ठेवला असेल, तर कॉम्प्युटर डीएनएसला न विचारता तोच धरून बसतो. मग नाव सापडतं, पण घर जुनंच. ‘एन एस लुकअप’ ही फाइल वाचत नाही, म्हणून ते एक उत्तर देतं आणि एसएसएच दुसरीकडेच जातो. दोन्हींत फरक दिसला की ही फाइल उघडायची.

पायरी सहावी : सरळ आकडा देऊन बघा

सर्व्हरचा आयपी पत्ता माहीत असेल, तर नावाऐवजी तो द्या. जोडलं गेलं तर सर्व्हर ठणठणीत आहे, दुखणं फक्त नावाचं. रात्रीचं अडलेलं काम असं उरकता येतं.

पण ही कायमची सवय करू नका. ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तर वेगळा कायमचा पत्ता घेतलेला नसल्यास त्याचा सार्वजनिक आकडा बदलतो. तिथलं आपोआप मिळालेलं लांबलचक नावही त्या आकड्यावरूनच बनतं, म्हणून तेही बदलतं. काल चालणारं नाव आज ‘सापडत नाही’ होतं ते यामुळंही.

नाव सापडलं, पण मोठी ताकीद आली तर?

हे शेवटचं आणि सगळ्यांत जपण्यासारखं. पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरच्या चावीचा ठसा दाखवून विचारतो, हाच का तो? आपण ‘येस’ म्हणतो आणि तो ठसा लॅपटॉपवर जपला जातो. पुढं कधी त्याच नावामागं वेगळाच ठसा दिसला, की मोठ्या अक्षरांत ताकीद येते आणि जोडणी तुटते.

कारण साधं असू शकतं. सर्व्हर नव्यानं बसवला असेल, किंवा तोच आकडा दुसऱ्या यंत्राला मिळाला असेल. पण कुणीतरी मध्ये बसून खोटा सर्व्हर दाखवत असेल, हीसुद्धा शक्यता आहे. स्टेशनवरचं, हॉटेलातलं फुकटचं वायफाय असेल तर जास्तच. म्हणून ही नोंद डोळे झाकून पुसू नका. आधी सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा, नवा ठसा विचारा, स्क्रीनवरच्याशी अक्षर-अक्षर जुळवा. जुळला, तरच ‘एसएसएच-कीजेन’, डॅश, मोठा आर आणि नाव देऊन जुनी नोंद काढा. ज्या सर्व्हरवर लोकांचे पैसे, रुग्णांच्या नोंदी किंवा परीक्षेचे निकाल असतात, तिथं दोन मिनिटांचा हा फोन नोकरी वाचवतो.

फोनजवळ चिकटवून ठेवा

१. मेसेजचे शेवटचे शब्द वाचा : ‘टेम्पररी’ असेल तर नेट बघा, ‘नॉट नोन’ असेल तर नाव बघा.
२. नाव इंग्रजी कीबोर्डवरून हातानं टाइप करा. ‘३४०’ दिसलं तर मराठी अक्षर, ‘३४२, २००’ दिसलं तर बहुधा लांब रेघ.
३. एन एस लुकअप करा : आधी मोठी वेबसाइट, मग तुमचा सर्व्हर.
४. व्हीपीएन जोडलंय ना?
५. घरच्या लॅपटॉपवर टोपणनावाची फाइल आहे का?
६. साठवण रिकामी करा, होस्ट्स फाइल बघा.
७. तरी नाही झालं, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला पूर्ण मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवा. “चालत नाही” एवढंच लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

गावाकडं निघायच्या आदल्या दिवशी एक काम मात्र आवर्जून करा. ऑफिसातून निघण्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, व्हीपीएन लावून, घरच्याच लॅपटॉपवरून एकदा सर्व्हरला जोडून बघा. सर्व्हरचं पूर्ण नाव, आयपी पत्ता, दाराचा नंबर आणि रात्री फोन उचलेल अशा माणसाचा नंबर कागदावर लिहून घ्या. इथं येऊन अडण्यापेक्षा तिथंच अडलेलं बरं.

भाच्याचं त्या रात्री सव्वादहाला काम झालं. साहेबाचा मेसेज आला, उशीर का झाला म्हणून. त्यानं खरं ते सांगितलं आणि ताईला म्हणाला, “पुढच्या वेळी आकडे इंग्रजीत टाकत जा.” यंदाच्या दिवाळीला त्याला पुन्हा आठ दिवसांची मुभा मिळाली आहे. त्याच्या आईनं सौसरहून फोन करून विचारलं, “तुम्ही दोघांनी मिळून असं केलं तरी काय?” मी म्हटलं, “काही नाही बाई, दोन अंक पुसले.”